लाकडाच्या स्टोव्हमध्ये सकाळपर्यंत निखारे कसे टिकवायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

अमेरिकेत व्हरमाँटमध्ये गावाबाहेर जुनं घर घेतलंय. बैठकीच्या खोलीत बिडाचा लाकडी स्टोव्ह आहे. काचेचं दार, खाली जाळी नाही, कॅटॅलिस्टवाला (धूर पुन्हा जाळणारी जाळी असलेला) नाही, पोट जेमतेम दीड घनफुटाचं. दिवसा झकास चालतो. कटकट पहाटेची. रात्री दहाला भरून झोपलं की पाचला आत नुसती राख, तळाशी बोराएवढे दोन-चार निखारे. फुंकून डोळे चुरचुरतात, पण नवं लाकूड धरेल तर शपथ. आणि बाहेर उणे वीस!

राजापूरला आजी ऐनाचा ओंडका राखेत पुरून झोपायची. सकाळी राख सारली की लालबुंद विस्तव, वर नारळाची दोन सोडणं टाकली की चूल धडाडायची. इथे तेच करावं का? हवेची झडप पूर्ण सारली तर निखारे टिकतात, पण काच काळीकुट्ट होते आणि धुराड्यात क्रिओसोट (धुराचा डांबरासारखा, पेट घेणारा थर) साचायची धास्ती. अर्धी ठेवली तर मध्यरात्रीनंतर खेळ खलास. लाकूड मेपल आणि बर्चचं, विकणाऱ्याने ‘वाळलेलं’ म्हणून दिलेलं. ओंडका फोडून आतल्या बाजूला ओलावामापक लावला तर २४ टक्के दाखवतो. राख रोज साफ करतो.

प्रतिसाद – उत्तरध्रुव
राख रोज काढू नका हो! बोटभर थर कायम राहू द्या, निखारे त्यातच तग धरतात. आणि २४ टक्के म्हणजे ओलंच, २० च्या आत हवं. बर्च भडकन पेटतो, मागे निखारा फारसा ठेवत नाही. तो सकाळी पेटवायला ठेवा. रात्रीसाठी शुगर मेपल, बीच, ओक. ओकला मात्र वाळायला दोन वर्षं द्यावी लागतात.

भरायची पद्धत: संध्याकाळचं लाकूड जळून निखारे झाले की ते सगळे दाराकडे ओढा. मागे जाड, कमी फोडलेले ओंडके एकमेकांना खेटून रचा, फटी नकोत. आग पुढून मागे सरकत जाते, सगळं एकदम पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं हवा पूर्ण उघडी, ओंडके बाहेरून काळे पडले की झडप टप्प्याटप्प्याने कमी करा. एकदम नाही. सकाळी मागच्या कोपऱ्यातली राख उकरा, तिथे सापडतील.

प्रतिसाद – ओटी_पडवी
आधी एक ठरवा: रात्रभर ऊब हवी की सकाळी काडी न ओढता आग? आजींना ऊब नकोच होती. राखेने हवा तुटते, निखारा उगाळल्यासारखा हळूहळू झिजतो, म्हणून टिकतो. पण टिकतो म्हणजेच उष्णता देत नाही. तुमच्याकडे पुरलात तर विस्तव मिळेल आणि घर गारठेल. दीड घनफुटात दोन्ही साधणं कठीणच.
शिवाय चूल उघडी, तुमचं घर बंद. धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड येतो. धुराड्याच्या नळीत वेगळी झडप असेल तर ती कधीच पूर्ण बंद नको, आणि झोपायच्या खोलीजवळ अलार्म हवाच. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर. आतला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो.

धागाकर्ता
@ओटी_पडवी, घर गारठून चालणार नाही, लहान मूल आहे. मग पहाटे सेंट्रल हीटिंग लावू आणि निखारे फक्त पेटवण्यापुरते जपू. अलार्म आहे, वरच्या मजल्यावर अजून एक लावतो.
@उत्तरध्रुव, ओंडके मागे रचले तर दाराची काच निखाऱ्यांनी तापून तडकणार नाही ना? आणि हे ओलं मेपल यंदा कसं खपवायचं?

प्रतिसाद – उत्तरध्रुव
ती काच सिरॅमिकची असते, निखाऱ्यांना दाद देत नाही. फक्त लाकूड टेकू देऊ नका. मेपल आठवडाभर स्टोव्हच्या खोलीत रचा, पण स्टोव्हपासून चांगलं तीन-चार फूट लांब. आणि या हिवाळ्यात धुराडं मध्येच एकदा साफ करून घ्या.