पॅचिंग डीएडब्ल्यूच्या आत हवं की बाहेर?

समेवर (नौपाडा, ठाणे)

आधी मत, मग भांडण. मॅक्स, प्युअर डेटा यांसारखी डबे आणि वायरी जोडून आवाज घडवायची (म्हणजे पॅच करायची) साधनं डीएडब्ल्यूच्या, म्हणजे ज्यात आपण रेकॉर्ड-मिक्स करतो त्या सॉफ्टवेअरच्या, आतच हवीत. शेजारी दुसरं सॉफ्टवेअर उघडायचं, व्हर्च्युअल केबलने आवाज इकडून तिकडे न्यायचा, हे आता पुरे.

मी एकांकिकांचं पार्श्वसंगीत करतो. तालमीत दिग्दर्शक सहज म्हणतो, "एंट्री दोन ओळी पुढे गेली, तिहाई तिथे पाड." तिहाईचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे: तोच तुकडा तीनदा, मध्ये दोन दम (विराम), शेवटची मात्रा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. तीनतालात समेवरून उचलून पुढची सम गाठायची तर 17 मात्रा (आवर्तनाच्या 16 आणि पुढची सम) हातात असतात. पाचचा तुकडा, एकचा दम: 5+1+5+1+5. तुकडा तीनचा केला तर दम चारचा. सात मात्रांच्या रूपकात 8 मात्रांत 2+1+2+1+2. हा हिशेब पॅचमध्ये मोजक्या डब्यांत बसतो. ताल बदला, तुकडा बदला, दम आपोआप निघतो. पियानो रोलमध्ये दर वेळी नोटा सरकवायच्या म्हणजे शिक्षा.

पण पॅच बाहेर चालवला की सम हरवते. दोन सॉफ्टवेअर एका लयीत ठेवणारा मिडी क्लॉक एका क्वार्टर नोटला 24 ठोके पाठवतो, म्हणजे लय कळते, मात्रांचा ताल कळत नाही. सॉन्ग पोझिशन पॉइंटर गाण्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर सांगतो, पण आवर्तन सातचं की सोळाचं हे त्याच्या गावी नसतं. प्लगइन म्हणून, म्हणजे डीएडब्ल्यूला जोडलेला भाग म्हणून, आत बसलेल्या पॅचला मात्र होस्ट (ते डीएडब्ल्यू) लय, टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये किती मात्रा) आणि आत्ताची जागा, तिन्ही देऊ शकतो.

आणि ही काही कालची टूम नाही. मिलर पकेट यांनी पॅरिसच्या इरकाम या संगीत संशोधन संस्थेत मॅक्स लिहायला घेतलं ते 1980च्या दशकाच्या मध्यात. एबलटनच्या लाइव्ह या डीएडब्ल्यूतलं मॅक्स फॉर लाइव्ह 2009मध्ये आलं, बिटविग या दुसऱ्या डीएडब्ल्यूचं ग्रिड 2019मध्ये. बाकीचे कशाची वाट बघतायत?

घोडबंदर_मिक्स

मित्रा, तू कलाकार म्हणून बोलतोयस. मी दुकान चालवतो.

माझ्याकडे गणपतीच्या तोंडावर सेशन येतात, आणि दोन-तीन वर्षांनी तोच माणूस येऊन म्हणतो, "तेच गाणं, फक्त आवाज नवीन." सेशन उघडलं पाहिजे. बस. पॅच असलेलं सेशन उघडलं की कुठलं तरी एक्स्टर्नल (बाहेरून बसवलेला डबा) नाहीच, डबा तुटक रेघांचा, आणि ट्रॅक मुका. ज्याने पॅच केला तो फोन उचलत नाही.

दुसरं, रँडम. पॅच करणाऱ्या पोरांना रँडमचं फार प्रेम. पहिला बाउन्स (काढलेली फाइल) एक, दुसरा बाउन्स वेगळा. क्लायंट म्हणतो, "काल पाठवलेलंच बरं होतं." कुठून आणू?

तिसरं, अनडू. लाइव्हमध्ये एखादा पॅच एपीआयमधून (सॉफ्टवेअरला हुकूम द्यायच्या वाटेने) नॉब हलवत बसला की अनडूची सगळी यादी त्यानेच भरते. माझं कट केलेलं व्होकल परत आणायला मी किती वेळा कंट्रोल-झेड दाबू?

पॅच बाहेरच वाजवा, वेव्ह फाइल करा, मला ट्रॅक द्या. वायरींशी मला देणंघेणं नाही.

समेवर

दादा, अनडूचा मुद्दा खरा आहे, पण तो पॅच करणाऱ्याचा आळस. त्यासाठीच लाइव्ह-रिमोट नावाचं वेगळं ऑब्जेक्ट (डबा) दिलंय, ते अनडूच्या यादीत शिरत नाही. रँडमचंही तसंच. प्युअर डेटात रँडमला सीड, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक आकडा, देता येतं. तेच सीड, तोच क्रम. शिवाय प्युअर डेटाचं घड्याळ आवाजालाच बांधलेलं असतं. 64 सॅम्पलचा एक ब्लॉक, म्हणजे सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर सुमारे 1.45 मिलिसेकंद. सावकाश वाजवा नाहीतर फास्ट बाउन्स करा, मात्रा तिथेच पडते. बाहेर केबलने रेकॉर्ड करताना ही खात्री कोण देतं?

अर्धविराम (ऐरोली)

दोघांचंही चुकतंय. वायरी मुळातच कशाला?

कुठलाही जुना पॅच उघडा, चौकातल्या केबलवाल्याच्या खांबासारखा दिसतो. दोन आवृत्त्यांत नेमकं काय बदललं हे प्युअर डेटाच्या फाइलमध्ये शोधून दाखवा. फाइल साधा मजकूरच असते, पण डबा नुसता सरकवला तरी ओळ बदलते. त्यापेक्षा रीपर या डीएडब्ल्यूत जेएसएफएक्स आहे: कोड तिथेच लिहा, तिथेच बदला, वाजता वाजता ऐका. तिहाईला दहा ओळीसुद्धा लागणार नाहीत. फाउस्ट या आवाजाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंत तर वर आकृतीही काढून मिळते, म्हणजे वायरी बघायची हौसही फिटली.

वाशी_तंबोरा

मी गाणं शिकवते, कोडिंग येत नाही, तेव्हा अर्धविराम यांच्या दहा ओळी माझ्या कामाच्या नाहीत. वायरी आहेत.

माझं उदाहरण तालाचं नाही, सुराचं. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जाच्या 5/4 पटीत असतो. सा 220 हर्ट्झ धरला तर गंधार 275. कीबोर्डचा गंधार 277च्या थोडा वर, म्हणजे साधारण 14 सेंट (अर्ध्या स्वराचे 100) चढा. हे फळ्यावर लिहून मुलींना पटत नाही. पॅचमध्ये एक डबा सा, त्याला 1.25ने गुणणारा दुसरा, शेजारी कीबोर्डवाला तिसरा. दोन्ही गंधार एकत्र लावले की आवाजात लाटा येतात. एकदा ऐकलं की शंका संपते. मग त्याच ट्रॅकवर गाऊन रेकॉर्ड करायचं, म्हणून आत हवं यावर मी समेवर यांच्याच बाजूने.

पण "आत" म्हणजे कोणाच्या आत? ग्रिडचा पॅच बिटविगबाहेर उघडत नाही. मॅक्स फॉर लाइव्हचा डिव्हाइस लाइव्हशिवाय चालत नाही, आणि 2017पासून मॅक्सची कंपनीच एबलटनच्या मालकीची आहे. माझ्या वर्गात एकीकडे एफएल स्टुडिओ, दुसरीकडे रीपर, तिसरी अजून घेतेय. सगळ्यांना लाइव्हची 'सूट' आवृत्ती घ्या म्हणू? प्लगडेटा फुकट आहे, आत प्युअर डेटाच आहे, आणि व्हीएसटी3 प्रकारचे प्लगइन घेणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून बसतं. कंपन्यांनी आपापली वायरिंग बनवण्यापेक्षा हे बरं.

समेवर

ताई, वर्गासाठी मान्य. पण पाहुण्याला घरातल्या सगळ्या खोल्या उघडत नाहीत. प्लगइनला स्वतःच्या ट्रॅकचा आवाज, मिडी आणि ट्रान्सपोर्ट (गाणं चालू की बंद, कुठे आहे) मिळतो, फार तर साइडचेन, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकचा आवाज. दुसऱ्या ट्रॅकचा फेडर, क्लिप सुरू करणं, सीन बदलणं त्याच्या हातात नसतं. मॅक्स फॉर लाइव्हला ते जमतं. प्रयोगात नटाने वाक्य खाल्लं तर मला पुढचा सीन पॅचमधूनच, तिहाई संपल्या समेवर लावायचा असतो. म्हणून मूळ सॉफ्टवेअरमध्येच हवं म्हणतो.

घोडबंदर_मिक्स

त्याला बोटाने स्पेसबार दाबणारा माणूस म्हणतात. गडकरी रंगायतनच्या साउंड केबिनमध्ये वर्षानुवर्षं बसतोय तो.

आणि फेडर खाली घ्यायला साइडचेन कॉम्प्रेसर आहेच की. प्रत्येक गोष्टीला पॅच कशाला?

समेवर

स्पेसबारवाल्याला समेवर दाबता येतं हे गृहीत धरताय तुम्ही.

अर्धविराम

😄

घोडबंदर दादांच्या "सेशन उघडलं पाहिजे"ला मात्र उपाय आहे, आणि तो आत-बाहेरच्या मधला आहे. कामोमिल नावाचं साधन प्युअर डेटाच्या पॅचची फाइल प्लगइनच्याच फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे तुमच्याकडे तो एक बांधीव प्लगइन म्हणून येतो, उघडी वायरिंग नाही. किंवा हेवी कंपायलर: तो प्युअर डेटाच्या पॅचचा सी++ कोड करतो आणि त्यातून प्लगइन बनतं. प्लगडेटात तो जोडून घेता येतो. मॅक्सवाल्यांना 2022पासून आरएनबीओ आहे, तेही असंच एक्सपोर्ट करतं.

घोडबंदर_मिक्स

हे आधी सांगायचं ना. मग हरकत नाही, बांधून द्या, मी दुसऱ्या कुठल्याही सिंथसारखा ठेवीन. पण कुठलाही पॅच असा बांधता येतो का, की परत "यात ते चालत नाही"?

अर्धविराम

परत तेच. हेवीला मोजकीच ऑब्जेक्ट समजतात. प्लगडेटासोबत एल्स आणि सायक्लोन अशा दोन मोठ्या लायब्ररी येतात, आणि सगळे त्यातलेच तयार डबे ओढतात. त्यांतले बहुतेक हेवीला चालत नाहीत. बांधायचं असेल तर पहिल्या दिवसापासून साध्या, मूळ ऑब्जेक्टमध्येच पॅच करावा लागतो.

वाशी_तंबोरा

माझा गंधाराचा पॅच बसेल मग. ऑसिलेटर, गुणाकार आणि आउटपुट, एवढंच आहे त्यात.

समेवर

माझ्या तिहाईत एल्सचा मेट्रोनोम आहे. तो काढून मूळच्या मेट्रोवर लिहिता येईल, पण मग होस्टकडून ताल कसा घ्यायचा? अर्धविराम, बांधलेल्या प्लगइनला टाइम सिग्नेचर मिळते का?