रिले कुठल्या पिनवर आहे ते आधी बघा

ईएसपी८२६६ (वाय-फायची छोटी नियंत्रक चिप) आणि रिले (सिग्नलवर चालणारा स्विच) वापरून आवाजावर चालणारं गॅरेजचं दार करायची तुमची योजना छान आहे. पण तुम्ही रिले जीपीआयओ १६ या सिग्नलच्या पिनवर जोडलाय, ती पिन कृपया बदला. बोर्ड सुरू होताना ही पिन काही क्षण हाय असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं. त्यामुळे हाय सिग्नलवर चालणारा रिले असेल, तर वीज जाऊन परत आली की मध्यरात्रीसुद्धा दार आपोआप उघडू शकतं! जीपीआयओ ४ किंवा ५ घ्या, सोबत १० किलोओहमचा पुलडाउन (पिन ग्राउंडला जोडून लो ठेवणारा रोध) लावा. रिले लो सिग्नलवर चालणारा असेल तर उलट: ३.३ व्होल्टला पुलअप (पिन हाय ठेवणारा रोध), आणि कोडमध्ये पिन आधी हाय करून मगच आउटपुट म्हणून जाहीर करा.

रिलेची कॉमन आणि एनओ (एरवी उघडं असणारं) ही टोकं भिंतीवरच्या बटणाला समांतर जोडून अर्ध्या सेकंदाचा पल्स पुरतो. काही नव्या मोटरींचं बटण मात्र सांकेतिक डेटा पाठवतं, तिथे तारा नुसत्या जुळवून काही होत नाही. अशा वेळी जादा रिमोट उघडून त्याच्या बटणावर रिले जोडणं सोपं.

दार बंद आहे का ते सांगणारा रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालणारा स्विच) लावाच. एकच बटण उघडतं आणि बंदही करतं, त्यामुळे दाराची स्थिती कळल्याशिवाय ‘बंद कर’ या आज्ञेला अर्थच नाही. आवाजाने उघडताना गुप्त अंक (पासवर्डसारखा पिन) विचारला जावा, नाहीतर खिडकीबाहेरून कुणीही ओरडून दार उघडेल. आणि दाराखालचा प्रकाशकिरणाचा सेन्सर कोणत्याही कारणासाठी बायपास करू नका. लहान मुलं, मांजरं खालून जातात.