वय ५७, चेहरा कोरडाठाक पडलाय. कोणतं क्रीम घ्यावं?

सेलूच्या बाई

नमस्कार. मी सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहून टाकली, त्यातली मी एक. त्यामुळं येत्या ३१ मेला निवृत्त होतेय. गावानं निरोपाचा कार्यक्रम एप्रिलमध्येच ठेवलाय, शाळा भरलेली असताना. त्या दिवशी चेहरा टवटवीत दिसावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून विचारतेय.

पन्नाशीपर्यंत चेहऱ्याला काही लावलं नाही. अंघोळीचाच साबण तोंडाला, आणि थंडीत ओठांना-टाचांना व्हॅसलीन. त्रेपन्नाव्या वर्षी पाळी गेली आणि तिथून कातडी बदलत गेली. आता तोंड धुतलं की पाच मिनिटांत चेहरा ओढायला लागतो. हसलं की गाल ताणल्यावानी होतात. नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर पांढरे पापुद्रे सुटतात, पावडर लावली तर ती नेमकी तिथंच जाऊन बसते. पाणी बोअरचं. बादलीला आतून पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. शाळा अकरा किलोमीटर, स्कूटीवर जाते. स्कार्फ बांधते पण डोळ्यांभोवतीची जागा उघडी राहते, आणि सुरकुत्या तिथंच जास्त आहेत.

साय आणि डाळीचं पीठ लावून पाहिलं, धुतल्यावर आणखी कोरडं. लिंबू-मध लावला, तो झोंबला. लेक पुण्याला असते, तिनं सीरम पाठवलं, बाटलीवर रेटिनॉल लिहिलंय. रोज लावलं, तिसऱ्या रात्री गाल लाल झाले आणि आठ दिवस शाळेत सगळे विचारत होते. मग परभणीला एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं सात डब्या मांडल्या. दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं, मानेचं वेगळं. बेरीज साडेतीन हजारांच्या वर गेली. काही न घेता परत आले.

आता खरी गोष्ट. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या एका वहिनीनं वाण म्हणून क्रीमची छोटी ट्यूब वाटली. त्या स्वतः आठ महिन्यांपासून लावतात, चेहरा उजळलाय त्यांचा. मी चार रात्री लावली आणि खरं सांगते, पापुद्रे गेले, कातडी मऊ झाली. हेच चालू ठेवू का? की म्हाताऱ्या होत चाललेल्या कातडीसाठी वेगळं काही चांगलं असतं? महिन्याला चारशे-पाचशे रुपये खर्च करू शकते.

उमरग्याची आजी

बाई, माझं वय ७१. आमच्यात घाण्यावरचं करडीचं तेल. अंघोळ झाली की अंग ओलं असतानाच दोन थेंब हातावर घ्यायचे आन तोंडाला, हाताला, पायाला चोळायचे. माझ्या सासूबाई हेच करायच्या. करडी आमच्या रानातलीच आहे, शाळूच्या कडेनं पाटा धरलेला असतो. पैसे कशाला घालवता. आन ते लिंबू तोंडाला लावू नका माय, उन्हात गेलं की काळे डाग पडतात.

नांदेड मेडिकलवाली

बाई, आधी ती ट्यूब हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडं आहेत, यातलं एकही नाव असेल तर आज रात्रीपासून ती लावू नका. 'आरएक्स' अशी खूण, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध, आहे का तेही बघा. काय लिहिलंय ते इथं टाका, तोवर मी बाकीचं सांगते.

मी चोवीस वर्षं दुकानात उभी आहे, डी.फार्म. केलंय. गिऱ्हाईक 'कोणतं क्रीम चांगलं' असं विचारतं तेव्हा मी उलट विचारते, तोंड कशानं धुता? तुमचं निम्मं दुखणं तिथंच आहे. अंघोळीच्या साबणाचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या आसपास असतो आणि आपली कातडी थोडी आम्लधर्मी, साधारण पाच. त्यात पाणी जड. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाला चिकटतं आणि त्याचा चिकट साका कातडीवर राहतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, तेलग्रंथी मंदावतात. पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन साधारण ३० टक्के कमी होतं. आधीच तेल कमी, आणि आहे तेही आपण दिवसातून तीनदा साबणानं काढून टाकतो. चेहऱ्याला साबण बंद करा. बिनवासाचा, फेस न होणारा सौम्य क्लेंझर घ्या, तोही फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी. शक्य असेल तर तोंडावर शेवटचा हबका फिल्टरच्या पाण्याचा मारा.

आता क्रीम. रानाचं उदाहरण देते, आपल्याकडं ते लगेच कळतं. काळ्या रानाला भेगा पडल्या की तीन कामं करावी लागतात. ओल आणायची, भेगा बुजवायच्या आणि वरून आच्छादन टाकायचं. क्रीममध्येही हेच तीन गडी असतात. ओल धरणारे म्हणजे ग्लिसरीन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड. भेगा बुजवणारे म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, स्क्वालेन, सिटाइल अल्कोहोल (हे अल्कोहोल कातडी सुकवणारं नाही, नाव वाचून घाबरू नका). आच्छादन म्हणजे व्हॅसलीन, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन. तुमच्या वयाला तिन्ही लागतात. नुसतं ग्लिसरीन लावून आपल्या कोरड्या हवेत हिंडलात तर ते वरची ओल सोडून आतलीच ओढून घेतं. आच्छादन नसलं की ओल टिकत नाही, हे कुठल्याही कास्तकाराला विचारा.

डबीच्या मागची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडं लिहिलेली असते. ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असावं, सेरामाइड कुठंतरी असावं आणि 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' नसावं. झोंबणाऱ्या कातडीला वास हा मोठा शत्रू. पुढच्या बाजूला 'एज', 'यूथ', 'गोल्ड' काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. सेटाफिल, सेरावे, व्हेनुशिया या जातीतली साधी क्रीमं बघा. आपल्या मेडिकलांवर 'कोरड्या त्वचेसाठी, सुगंधविरहित' म्हणून मागितलं तर कमी किमतीतही मिळतात. डोळ्यांचं वेगळं, मानेचं वेगळं काही लागत नाही. तेच क्रीम मानेपर्यंत ओढायचं.

लावायची वेळ डबीपेक्षा महत्त्वाची. तोंड टॉवेलनं खसखसून पुसू नका, टिपा. कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, दोन हरभऱ्यांएवढं क्रीम लावा. नवीन डबी आणली की आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तुम्हाला रेटिनॉलनं लाल केलंय, त्यामुळं हे तर कराच.

रेटिनॉल वाईट नाही. सुरकुत्यांवर ज्यांचा खरंच उपयोग होतो अशा मोजक्या गोष्टींत ते आहे. पण ते सुकलेल्या, सोललेल्या कातडीवर रोज लावलं तर असंच होणार. कातडी सावरल्यावर, आठवड्यातून दोनदा, मटाराएवढं, आधी क्रीम लावून त्याच्यावर. एप्रिलच्या कार्यक्रमाआधी मात्र अजिबात नको. लेकीनं पाठवलेली बाटली पावसाळा सरेपर्यंत कपाटात ठेवा.

अकरा किलोमीटर स्कूटी म्हणजे सनस्क्रीनवाचून चालणार नाही. एसपीएफ ३० सुद्धा बास, ते यूव्हीबी किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं. जोडीला यूव्हीए किरणांसाठी 'पीए' पुढं तीन-चार अधिक चिन्हं बघा. दोन बोटांवर रेघ ओढून जेवढं येतं तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. थोडं लावलं तर डबीवरचा आकडा खोटा ठरतो. शाळा सुटल्यावर निघायच्या आधी पुन्हा.

आजी, तुमचं करडीचं तेल हातापायांना चांगलंच आहे. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि कातडीला ते मानवतं. चेहऱ्यालाही तुम्हाला सोसलं म्हणजे सोसलं. बाईंचा चेहरा सध्या सोललेला आहे, त्यांनी आत्ता एकच गोष्ट लावावी असं मला वाटतं.

सेलूच्या बाई

ताई, वाचली. चष्मा लावून, मोबाईलनं फोटो मोठा करून वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. आरएक्स आहे. हात थरथरायलेत.

लातूरची मावशी

बाई, चार रात्रींत काही बिघडत नाही, घाबरू नका. पण मी सांगते ते तुमच्या वहिनींना ऐकवा. हेच तीन घटक मी पाच वर्षं लावले. मला ते पार्लरमध्ये 'वांगासाठी' म्हणून दिलं होतं. पहिले सहा महिने चेहरा असा काही उजळला की नणंदा-जावा विचारायला यायच्या. मग गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या. हनुवटीवर लव आली. पन्नाशीत पुटकुळ्या आल्या. उन्हात दोन मिनिटं उभं राहिलं की मिरची चोळल्यासारखी आग. बंद केलं की तिसऱ्या दिवशी तोंड सुजायचं, म्हणून पुन्हा लावायचे. त्यालाच मी क्रीमचा गुण समजत होते.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, यात स्टेरॉइड आहे, ते कातडी पातळ करतं. ते सुटायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात माझ्या तोंडाला फक्त एक साधं बिनवासाचं क्रीम आणि सनस्क्रीन होतं. भाच्याच्या लग्नात मी मागच्या रांगेत बसले, फोटोत गेले नाही. आज शिरा थोड्या राहिल्यात, आग नाही. वांग अजून आहे, आणि मी त्याच्यासकट सगळीकडं जाते.

वहिनींना रागावू नका. त्यांनी प्रेमानंच वाटलं असणार.

नांदेड मेडिकलवाली

मावशीनं लिहिलं ते शब्दन् शब्द खरं आहे. अशी मलमं डॉक्टर वांगासाठी थोडे आठवडे देतात, नजरेखाली. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडच्या कितीतरी मलमांची बिनचिठ्ठीची विक्री बंद केली, तरी ती 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून हातोहात फिरतात. माझ्या दुकानात आजही रोज कुणीतरी रिकामी ट्यूब दाखवून मागतं, आणि मी दिली नाही की पुढच्या दुकानात जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

बाई, तुमचे पापुद्रे गेले ते त्याच स्टेरॉइडनं. आता बंद केल्यावर थोडे परत येतील, येऊ द्या. वहिनींचं वेगळं आहे. आठ महिन्यांनी मनानं एकदम बंद करायला सांगू नका, डॉक्टरांना दाखवा. परभणीत दाखवा, नाहीतर इथं विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. ट्यूब सोबत आणायची.

आणि एक राहिलं. क्रीम लावूनही खाज, कोरडेपणा अंगभर राहिला तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

सेलूच्या बाई

पाच आठवड्यांनी लिहितेय. साबण बंद केला. मेडिकलवरून बिनवासाचं क्रीम घेतलं, सेरामाइड आणि ग्लिसरीन दोन्ही आहे, मागची यादी वाचूनच घेतलं. दुकानदार पुढची बाजू दाखवत होता, मी उलटी करून बघत होते. दोन महिने पुरेल असं दिसतंय. पहिले दहा दिवस पापुद्रे परत आले, एकदा मन डळमळलं, ट्यूब अजून कपाटात होती. नाही लावली. आता तोंड धुतल्यावर ओढत नाही. डोळ्यांजवळच्या बारीक रेघा थोड्या भरल्यासारख्या वाटतात, कपाळावरच्या खोल आहेत तशाच आहेत. सनस्क्रीन लावते, पांढरं दिसायचं म्हणून आधी लाजत होते. आता रंगीत मिळालं, ते बरं आहे.

वहिनींकडं गेले होते. सांगताना मलाच रडू आलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'कामून आधी कुणी सांगितलं नाही हो?' त्यांचा गाल जवळून पाहिला, मावशीनं लिहिल्यात तशा शिरा आहेत. वाण घेतलेल्या चौदा घरी आम्ही दोघी मिळून गेलो. अकरा ट्यूबा परत मिळाल्या. दोघींनी दिल्या नाहीत. एक म्हणाली, पोरीचं लग्न होईपर्यंत लावू द्या. तिच्याकडं मी परत जाणार आहे.

मंगळवारी वहिनी आणि मी सकाळच्या गाडीनं नांदेडला येतोय. ताई, विष्णुपुरीला स्टेशनवरून रिक्षा करावी की बस मिळते, तेवढं सांगा. ट्यूब पिशवीत घातलीय.