मदत हवी आहे: कॉम्प्युटरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कुणाला द्यावी?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सहा कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, सगळा डेटा. सध्याचा माणूस बोलावलं की येतो, पण बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला कायम लावलेली. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर दोन्ही एकदमच लॉक होतील, याची मला खरंच धास्ती वाटते. शिवाय काही मशीन अजून विंडोज १० वर. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

बेळगाव-खानापूर भागात वार्षिक करारावर काम करणारं कुणी खात्रीचं आहे का? बॅकअप अधूनमधून उघडून दाखवणारा हवा, आणि अ‍ॅडमिन पासवर्ड आमच्याकडेच राहिला पाहिजे. कोल्हापूरचे एकजण रिमोटवर बघतो म्हणतात, पण नेटवर्कचा स्विच जळाला तर येणार कोण? किती तासांत येणार, हे तुम्ही करारात लिहून घेता का? दर मशीनमागे ठरवता की व्हिजिटमागे?