पडून असलेल्या रुग्णाची सूज पाठीकडे शोधावी

हृदयाची कार्यक्षमता कमी झालेल्या वृद्ध रुग्णाचे रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्यापूर्वी वजन करावे आणि घोटे दाबून सूज पाहावी, हा नेहमी दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. 3 दिवसांत 2 किलोहून अधिक वजन वाढल्यास लगेच कळवा, असे आम्हीही घरच्यांना सांगतो. परंतु घोट्यांचा निकष चालत्याफिरत्या रुग्णापुरताच विश्वसनीय आहे. जो दिवसभर अंथरुणावर असतो, त्याच्या शरीरातील जादा पाणी कमरेखाली, माकडहाडापाशी आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला साठते, पाय मात्र सडसडीत दिसू शकतात. वॉर्डात असताना एका आजोबांच्या तक्त्यावर सलग दोन दिवस ‘सूज नाही’ अशी नोंद मीच केली होती. तिसऱ्या दिवशी चादर बदलण्यासाठी त्यांना कुशीवर वळवले, तेव्हा कमरेखाली अंगठा दाबताच खोल खळगा पडला आणि तो बराच वेळ भरून आला नाही.

ही सूज आढळली की शुश्रूषेच्या आराखड्यात त्वचेची काळजीही आलीच, कारण ताणलेली त्वचा लवकर फाटते. त्यातच धाप लागू नये म्हणून पाठ उंच करून टेकवलेला रुग्ण हळूहळू खाली घसरतो आणि नेमक्या त्याच जागी त्वचा खेचली जाते (पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली म्हणजे काम झाले, असे आपल्याला उगाच वाटते). त्यामुळे गुडघ्यांखाली थोडा उंचवटा द्यावा, कूस बदलताना रुग्णाला ओढण्याऐवजी दोघांनी चादरीने उचलावे आणि प्रत्येक वेळी पाठ पाहून नोंद करावी.