मदत हवी आहे : दारू सोडवायला ३५ दिवस पुरतात का?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिराला दारू सोडायची आहे, आणि या वेळी तो स्वतःहून म्हणतोय. गेल्या वर्षी त्याला एका खासगी दवाखान्यात आठवडाभर ठेवलं होतं. सलाईन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, गोळ्या. हातांची थरथर थांबली, चहाचा कप बशीवर न वाजवता उचलायला लागला, आणि लगेच डिस्चार्ज. महिन्याभरात पुन्हा सुरू. तेवढ्या दिवसांत शरीर दारूतून बाहेर येतं, ओढ मात्र तशीच राहते, हे कुणी धड सांगितलंच नाही.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवसांचा उपचार असतो. अमेरिकेतली नायडा ही व्यसनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था म्हणते, ९० दिवसांपेक्षा कमी उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो. पण त्यात घरी राहून घेतलेले उपचारही धरतात, म्हणजे तीन महिने भरतीच राहायला हवं असं नाही. माझी सगळी आशा याच्यावर आहे, कारण वर्कशॉपमधून त्याला जेमतेम दीड महिना सुट्टी मिळेल.

ज्यांच्या घरी कुणी यातून गेलंय त्यांनी कृपया सांगा : केंद्रातून आल्यावर पुढचे महिने कसे काढलेत? फॉलोअपला किती दिवसांनी जायचात? एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला मदतगट) सभा, दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या, कशाचा उपयोग झाला? जेवणातून गुपचूप डायसल्फिरामसारखी गोळी द्या, असं मात्र कुणी सुचवू नका. त्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं.

आम्ही साताऱ्यात असतो. जवळपास मराठीतून एएची सभा भरत असेल तर वार आणि वेळ नक्की कळवा.