मदत हवी आहे: अ‍ॅडव्हान्समेंटमधून कॉलेज प्रेसिडेंटपदाकडे (अमेरिका)

कस्तुरी_ओहायो
छोट्या खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजात व्हाइस प्रेसिडेंट फॉर अ‍ॅडव्हान्समेंट, म्हणजे देणग्या उभारणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. अ‍ॅन्युअल फंड (दरवर्षीच्या देणग्या), मेजर गिफ्ट्स (मोठ्या देणग्या), कॅपिटल कॅम्पेन (ठरावीक मुदतीची मोठी निधी-मोहीम) सगळं केलंय. एमबीए आहे, पीएचडी नाही, कधी शिकवलेलं नाही. तीन-चार वर्षांत प्रेसिडेंटपदासाठी अर्ज करायचाय. पीएचडीवाचून अडेल का? सर्च कमिटी (उमेदवार निवडणारी समिती) काय बघते? आत्तापासून काय करून ठेवू?

रानमोगरा
वाट आहे, पण हमरस्ता अजून प्राध्यापक-डीन-प्रोव्होस्ट (शैक्षणिक कामकाजाचा प्रमुख) हाच. जेक श्रम यांचं उदाहरण बघा: एमरी युनिव्हर्सिटीत डेव्हलपमेंटचे (हेही देणग्यांचंच काम) व्हाइस प्रेसिडेंट, मग टेक्सस वेस्लियन, साउथवेस्टर्न आणि एमरी अँड हेन्री अशा तीन ठिकाणी प्रेसिडेंट.

आपल्याकडे यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्राचार्याला पीएचडी आणि १५ वर्षांचा अध्यापन-संशोधनाचा अनुभव लागतो. इथे अमेरिकेत खाजगी कॉलेजांत तशी अट नाही, बोर्ड ऑफ ट्रस्टीज ठरवतं. जाहिरातीत 'टर्मिनल डिग्री प्रिफर्ड' (विषयातली सर्वोच्च पदवी, बहुधा पीएचडी, असल्यास उत्तम) लिहितात. कमिटीतले प्राध्यापक मात्र ते 'रिक्वायर्ड' असंच वाचतात. नोकरी सांभाळून करायचं तर पेनचा (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचा) एक्झिक्युटिव्ह डॉक्टरेट दोन वर्षांचा आहे. प्रबंध देणगीदारांच्या मानसिकतेवर अजिबात नको! अ‍ॅडमिशन्स, फीचं उत्पन्न किंवा शेअर्ड गव्हर्नन्सवर (प्राध्यापक, प्रशासन नि बोर्डाने मिळून चालवायचा कारभार) करा. तुम्हाला फंडरेझिंग येतं हे सिद्ध करायला कागद लागत नाही.

एखादा कोर्सही शिकवा. शिकवणाऱ्याची पदवी विद्यार्थ्यांच्या पदवीपेक्षा एक पायरी वर असावी असा सर्वसाधारण दंडक आहे, त्यामुळे एमबीएवर बॅचलर्सना नॉनप्रॉफिट फायनान्स शिकवता येईल. आणि बोर्डाच्या अ‍ॅकॅडेमिक अफेअर्स व फायनान्स कमिटीच्या बैठकांना बसायची परवानगी प्रेसिडेंटकडून आजच मागून घ्या.

ताळेबंद
सर्चबद्दल. बहुतेक जागा सर्च फर्ममार्फत भरतात. कव्हर लेटर चार-पाच पानी, प्रॉस्पेक्टसमधल्या (त्या पदाच्या माहितीपत्रकातल्या) एकेका मुद्द्याला धरून लिहायचं; सरधोपट पत्र पहिल्या चाळणीतच जातं. मग आठ-दहा जणांच्या 'एअरपोर्ट' मुलाखती (कॅम्पसबाहेर, बहुधा विमानतळाजवळच्या हॉटेलात), साधारण सव्वा ते दीड तासाच्या, आणि शेवटी तीन-चार जण कॅम्पसवर. तिथे फॅकल्टी फोरममध्ये फंडरेझरला हमखास येणारे प्रश्न: टेन्युअर (प्राध्यापकाची कायम नोकरी) नाकारल्याचं अपील तुमच्यापुढे आलं तर? मोठ्या देणगीदाराने एखाद्या प्राध्यापकाच्या लेखावर आक्षेप घेतला तर? दुसऱ्या प्रश्नावर आढेवेढे घेतलेत की संपलं.

सीव्हीत '७ कोटी डॉलरची कॅम्पेन' असं मोघम लिहू नका. लगेच विचारतात: रोख किती, प्लेज (नुसतं कबूल केलेलं) किती, मृत्युपत्रातून येणाऱ्या देणग्या दर्शनी किमतीने धरल्यात का? ती फोड आधीच लिहा. आकडा एकटीच्या नावावर टाकू नका. संदर्भासाठी फोन गेला की प्रेसिडेंट नि ट्रस्टी खरं काय ते सांगतात.

कस्तुरी_ओहायो
दोघांचेही आभार. एक शंका: काही प्रॉस्पेक्टसमध्ये 'सिद्धहस्त फंडरेझर हवा' असं ठळक असतं. अशा जागा माझ्यासाठी सोप्या ना?

ताळेबंद
उलट, तिथेच सावध राहा. पुष्कळदा विद्यार्थी घटलेले असतात आणि देणग्यांनी खड्डा बुजेल असं बोर्डाला वाटतं. गणित करा: एंडावमेंटमधून (कायम गुंतवून ठेवलेल्या निधीतून) वर्षाला साधारण ४.५ ते ५ टक्के काढतात. २० लाख डॉलरची दरवर्षीची तूट ५ टक्क्यांनी भरायची तर ४ कोटींचा नवा एंडावमेंट लागेल, तोही बंधनमुक्त. मोठी देणगी बहुधा शिष्यवृत्ती, चेअर (देणगीतून चालणारं प्राध्यापकपद), इमारत अशा ठरलेल्या कामासाठीच येते. त्यातून वीजबिल भरता येत नाही. इमारत मिळाली तर खर्च वाढतोच.

व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या महिला कॉलेजचं २०१५ सालचं प्रकरण नीट वाचा. बंद करायची घोषणा झाल्यावर माजी विद्यार्थिनींनी १.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, तरी समझोत्यात एंडावमेंटमधल्या १.६ कोटींवरची बंधनं काढायला व्हर्जिनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलची संमती घ्यावी लागलीच.

रानमोगरा
+१. ऑफर स्वीकारण्याआधी हे मागाच: पाच वर्षांची ऑडिटेड स्टेटमेंट्स, फॉर्म ९९० (नॉनप्रॉफिट संस्थेचं वार्षिक कर-विवरणपत्र), नेट ट्यूशन रेव्हेन्यूचा (सवलती वजा जाता उरणाऱ्या फीच्या उत्पन्नाचा) कल, डिस्काउंट रेट (फीपैकी कॉलेज शिष्यवृत्ती-सवलत म्हणून सोडून देतं तो हिस्सा; खाजगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांसाठी सरासरी ५० टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा नुसत्या आकड्याने घाबरू नका, तो दरवर्षी किती चढतोय ते बघा), एंडावमेंटमधला बंधनमुक्त हिस्सा, बाँडच्या (कॉलेजच्या कर्जरोख्यांच्या) अटी मोडल्यात का, अ‍ॅक्रेडिटरचं (मान्यता देणाऱ्या संस्थेचं) शेवटचं पत्र. आधीचे प्रेसिडेंट किती टिकले तेही. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीत पदावरच्या प्रेसिडेंटांची सरासरी २००६ला ८.५ वर्षं होती, २०२२ला ५.९. कुठे दहा वर्षांत चौघे येऊन गेले असतील, तर त्यांच्यापैकी एकाशी तरी फोनवर बोला.

कस्तुरी_ओहायो
बाँडच्या अटी ऑडिटच्या टिपांमध्ये सापडतात का?

ताळेबंद
हो, लाँग-टर्म डेटच्या टिपेत. 'वेव्हर' (मोडलेल्या अटीला दिलेली सूट) शब्द दिसला की पुढचं-मागचं पानही वाचा.